मोजपट्टी कोणाची? मेत्सोवोचे चित्रदालन आणि अनुकरणाचा आरोप

काही महिन्यांपूर्वी तौलनिक अभ्यासाच्या एका चर्चासत्रात ग्रीक चित्रकलेचे काही नमुने पडद्यावर दाखविण्यात आले. विषय होता परिघावरील आधुनिकता. वायव्य ग्रीसमध्ये, पिंडस पर्वतराजीत, मेत्सोवो नावाचे एक डोंगरी गाव आहे. तेथील आवेरोफ चित्रदालनात जे चित्रकार संग्रहित आहेत त्यांची ही चित्रे होती : निकिफोरोस लित्रास, निकोलाओस गिझिस, कॉन्स्टान्टिनोस वोलानाकिस, जॉर्जिओस याकोविदिस आणि पुढच्या पिढीतील कॉन्स्टान्टिनोस पार्थेनिस. पडदा मिटण्यापूर्वीच एका विद्वान वक्त्यांनी निकाल देऊन टाकला. चित्रे कसबी आहेत, परंतु ती म्युनिक आणि पॅरिस यांची उशिरा पोहोचलेली आवृत्ती आहे. आणि अथेन्समध्ये राष्ट्रीय चित्रसंग्रहालय असताना एका खेड्यातील दालन म्हणजे त्या आवृत्तीचीही प्रत. सभागृहाने माना डोलावल्या. लगेच दुसरे वक्ते उठले व त्यांनी उलट बाजूने तेच सांगितले : खरी ग्रीक कला या शिकून आलेल्या मंडळींकडे नाहीच, ती भिंतींवर चित्रे काढीत हिंडणाऱ्या थिओफिलोससारख्या लोकचित्रकाराकडे आहे. सभागृहाने पुन्हा माना डोलावल्या. दोन परस्परविरोधी विधानांना एकच सभागृह इतक्या सहजतेने संमती देते, तेव्हा त्या विधानांच्या मुळाशी एकच गृहीतक असण्याची शक्यता तपासून पाहावी लागते. ती तपासणी त्या दिवशी झाली नाही, म्हणून येथे करीत आहे.

आरंभीच एक कबुली देते. मी मेत्सोवोला गेलेले नाही. या संग्रहाशी माझा परिचय पुस्तकांतील प्रतिकृतींतून झालेला आहे, आणि ज्या दोन विद्वानांशी मी भांडणार आहे त्यांचाही परिचय याहून निराळ्या वाटेने झालेला नसावा. पॅरिस न पाहिलेल्या माणसालाही चित्र पाहताच पॅरिसची आठवण येते, मेत्सोवोची येत नाही, हाच तर आपल्या वादाचा विषय आहे.

पहिला घोटाळा भाषांतराचा आहे. आपण ‘आधुनिक ग्रीक कला’ असे म्हणतो ते इंग्रजीवरून. ग्रीक भाषेत या कलेला ‘निओएलिनिकी’ म्हणतात, म्हणजे नव-ग्रीक. प्राचीन आणि बायझंटाइन नव्हे ती. शैलीच्या अर्थाने जे आधुनिक, त्यासाठी त्या भाषेत ‘मॉन्तेर्ना’ हा वेगळा शब्द आहे. एक शब्द कालखंडाचा निर्देश करतो, दुसरा वृत्तीचा. इंग्रजीने दोन्हींचे एकच करून टाकले आणि आपण तो एक शब्द उचलला. मग ‘आधुनिक’ अशी पाटी वाचून आत शिरणाऱ्याला पिकासोच्या आसपासचे काहीतरी अपेक्षित असते आणि समोर दिसते जळणारे जहाज किंवा नातवाला खेळविणारा आजोबा. अपेक्षाभंगाचे खापर अर्थातच चित्रावर फुटते. गंमत अशी की, इंग्रजीची ही अडचण मराठीला मुळीच नव्हती. आपल्या अभ्यासक्रमांत पिढ्यान्‌पिढ्या ‘अर्वाचीन’ हा शब्द नेमक्या याच अर्थाने नांदत आला आहे. अर्वाचीन मराठी वाङ्मय म्हटले की त्यात बाळशास्त्री जांभेकरही येतात आणि मर्ढेकरही येतात. पहिले मर्ढेकरांसारखे का लिहीत नव्हते असे कोणी विचारीत नाही. हातचा शब्द टाकून देऊन आपण परक्या भाषेतील संदिग्धता आयात केली आणि त्या संदिग्धतेच्या आधारे दुसऱ्यांना अनुकरणाचे दोषी ठरविले. मी या लेखात यापुढे ‘अर्वाचीन’ हाच शब्द वापरणार आहे.

आता ‘प्रादेशिक’ या शब्दाकडे वळू. या शब्दात एक दिशा गृहीत असते. कला राजधानीत जन्मते किंवा राजधानीत आयात होते आणि तेथून ती झिरपत झिरपत प्रांतात येते. प्रादेशिक दालन हे त्या झिरपण्याचे शेवटचे टोक. मेत्सोवोच्या बाबतीत ही दिशा सपशेल उलटी आहे, आणि हे सांगण्यासाठी कोणत्याही सिद्धांतनाची गरज नाही. कोणी कोणाला पैसे दिले एवढे पाहिले तरी पुरे.

अथेन्समधील पॉलिटेक्निक या संस्थेचे नाव १९७३ च्या नोव्हेंबरमधील विद्यार्थ्यांच्या उठावामुळे आणि तिच्या फाटकावर घातलेल्या रणगाड्यामुळे जगाला ठाऊक झाले. या संस्थेचे अधिकृत नाव राष्ट्रीय मेत्सोवी पॉलिटेक्निक असे आहे. मेत्सोवी, म्हणजे मेत्सोवोकरांचे. राजधानीतील सर्वांत प्रतिष्ठित तांत्रिक शिक्षणसंस्थेला एका डोंगरी गावाचे नाव लागले, कारण निकोलाओस स्तुर्नारास, मिखाइल तोसित्सास व त्याची पत्नी एलेनी आणि जॉर्जिओस आवेरोफ या मेत्सोवोच्या देणगीदारांनी तिची वास्तू उभी करून दिली. शेजारच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाची जागाही एलेनी तोसित्साने दिलेली. १८९६ च्या ऑलिंपिक स्पर्धांसाठी अथेन्सच्या प्राचीन क्रीडांगणाला संगमरवरी रूप देणारा पैसा आवेरोफचाच. याच पॉलिटेक्निकच्या पोटात, १८३७ साली सुरू झालेल्या कलाशाळेपासून पुढे जवळजवळ शतकभर, चित्रकलेचे शिक्षण दिले जात होते. ललित कलांची शाळा तिच्यापासून स्वतंत्र झाली ती १९३० मध्ये. लित्रास तेथे १८६६ पासून शिकवीत होता, नंतर वोलानाकिस शिकवू लागला. म्हणजे अर्वाचीन ग्रीक चित्रकला ज्या छताखाली शिकविली गेली ते छत मेत्सोवोच्या माणसांनी घातलेले होते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. स्तुर्नारास १८५३ मध्ये वारला, तोसित्सास १८५६ मध्ये, आवेरोफ १८९९ मध्ये. मेत्सोवो ग्रीक राज्यात सामील झाले ते १९१२ मध्ये, पहिल्या बाल्कन युद्धात. ज्या काळात ही माणसे अथेन्सवर पैशांचा वर्षाव करीत होती त्या सबंध काळात त्यांचे गाव उस्मानी साम्राज्यात होते. त्यांची राजधानी राजकीयदृष्ट्या अथेन्स नव्हतीच, कॉन्स्टॅन्टिनोपल होती. पैसा अलेक्झांड्रियातील व्यापाराचा, गाव सुलतानाचे आणि दान एका परक्या राज्याच्या राजधानीला! जी राजधानी आपली नाही ती आपली व्हावी म्हणून परिघाने ती बांधून काढावी, या घटनेला ‘केंद्राकडून परिघाकडे’ या आराखड्यात जागाच नाही. त्यानंतर १९८८ मध्ये याच घराण्यांची नावे धारण करणाऱ्या इवान्गेलोस आवेरोफ-तोसित्सास या राजकारण्याने आपला चित्रसंग्रह मेत्सोवोत दालन बांधून सार्वजनिक केला. पॉलिटेक्निकमधील अध्यापकांची चित्रे पॉलिटेक्निकच्या देणगीदारांच्या गावी येऊन टांगली गेली. हिला राजधानीची प्रत म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. पण मग कर्ज फेडणाऱ्यालाही भिकारी म्हणावे लागेल.

म्युनिकचा आरोप तेवढ्याच बारकाईने पाहिला पाहिजे. म्युनिकशी संबंध होता हे कोणीच नाकारीत नाही. १८३३ मध्ये ग्रीसचा राजा म्हणून येऊन दाखल झालेला ओटो हा बव्हेरियाचा राजपुत्र. त्यामुळे राज्याच्या शिष्यवृत्त्या म्युनिककडे वळल्या. लित्रास तेथे पिलोटीपाशी शिकला. परंतु १८६२ मध्ये ओटोची हकालपट्टी झाली, लित्रासची सरकारी शिष्यवृत्ती थांबली आणि त्याच्या शिक्षणाचा खर्च व्हिएन्नामधील बॅरन सिमॉन सिनास याने उचलला. हे सिनास घराणे मूळचे मोस्कोपोलेचे, मेत्सोवोप्रमाणेच व्लाख वस्तीच्या गावचे. गिझिस म्युनिकला गेला तो तिनोस बेटावरील इवान्गेलिस्त्रिया देवालयाच्या संस्थेच्या शिष्यवृत्तीवर. नवसाला पावणाऱ्या माउलीसमोर यात्रेकरूंनी टाकलेल्या पैशांतून एका सुताराच्या मुलाने म्युनिकमध्ये तैलरंग शिकावेत! या वस्तुस्थितीत मला तरी ‘प्रभाव’ या निर्गुण शब्दाने झाकता येण्यासारखे काही दिसत नाही. आपण प्रभाव म्हणतो तेव्हा जणू म्युनिक सक्रिय असते आणि तिनोस निष्क्रिय. एक ओतते आणि दुसरे भरते. प्रत्यक्षात तिनोसने माणूस निवडला, पैसा उभा केला, दिशा ठरविली. आणि हाच गिझिस १८८८ मध्ये म्युनिकच्या अकादमीत प्राध्यापक झाला. जर्मन विद्यार्थी त्याच्या हाताखाली शिकून गेले. त्या विद्यार्थ्यांवर तिनोसचा प्रभाव पडला असे विधान मी आजवर एकाही पुस्तकात वाचलेले नाही. प्रभाव नावाची गोष्ट वरून खालीच वाहते, असा पाण्याचा नियम आपण कलेला लावून बसलो आहोत.

येथे थोडे विषयांतर करते, पण ते मेत्सोवोच्या बाहेरचे नाही. या गावाचे ‘मेत्सोवोने’ नावाचे धुरावलेले चीज ग्रीसभर प्रसिद्ध आहे. तोसित्सास प्रतिष्ठानने गावातील तरुणांना इटलीत पाठवून चीज करण्याची विद्या शिकविली आणि त्या विद्येतून हे चीज तयार झाले. इटालियन प्रोव्होलोनेशी त्याचे नाते उघड आहे. तरीही आज युरोपीय संघाच्या नियमांनुसार त्याचे नाव संरक्षित आहे. ते त्या भूमीचेच उत्पादन मानले जाते आणि अन्यत्र कोणी त्या नावाने विकू शकत नाही. गावाभोवतालच्या उतारांवर आवेरोफने फ्रेंच द्राक्षाचे वेल लावले, त्यांच्या वाइनलाही कोणी बोर्दोची नक्कल म्हणून हिणवीत नाही. मंडळी चवीने खातात, पितात. दूध इथले, धूर इथला, हवा इथली. विद्या बाहेरून आली म्हणून काय झाले? हा सामान्य शहाणपणा चीजच्या बाबतीत कायद्यानेसुद्धा मान्य केला आहे. चित्राच्या बाबतीत मात्र आपल्यासारख्या प्राध्यापकांना तो मान्य नाही.

कोणी म्हणेल, हे सारे अर्थव्यवहाराचे झाले, कलामूल्याचे काय? अखेर नवे काही ग्रीसमधून निघाले का? जॉर्जिओ द किरिको १८८८ मध्ये थेसालीतील व्होलोस येथे जन्मला. त्याचे वडील तेथील रेल्वेचे अभियंता. चित्रकलेचे पहिले रीतसर शिक्षण त्याने अथेन्सच्या त्याच मेत्सोवी छताखाली घेतले आणि नंतर तो म्युनिकला गेला. म्हणजे लित्रास आणि गिझिस ज्या वाटेने गेले नेमक्या त्याच वाटेने. पुढे त्याने जे केले त्याला युरोपीय आधुनिकतावादाचा एक उगम मानतात. त्याच्यावाचून अतिवास्तववादी चित्रकलेचा इतिहास सुरूच होत नाही. आता एकाच वाटेवरून चाललेल्यांपैकी जे ग्रीसला परतले ते अनुकरण करणारे आणि जो परतला नाही तो प्रवर्तक, असे असेल तर आपण मोजतो आहोत ती प्रतिभा नव्हे, राहण्याचा पत्ता. द किरिको इटालियन आई-बापांचा होता, हा खुलासा येथे पुढे केला जाईल हे मला ठाऊक आहे. तो करणाऱ्याने रक्तावरून कलेचा उगम ठरविण्याची तयारी आधी उघडपणे जाहीर करावी, एवढेच माझे म्हणणे.

अनुकरणाच्या आरोपाने होणारे खरे नुकसान मात्र निराळेच आहे. त्यामुळे विचारायला हवेत ते प्रश्न विचारायचे राहून जातात. गिझिसचे ‘गुप्त शाळा’ हे चित्र घ्या. उस्मानी अमलाखाली एक धर्मगुरू अंधाऱ्या खोलीत मुलांना चोरून ग्रीक शिकवीत आहे, असा त्याचा विषय. १८८० च्या दशकात, म्युनिकमध्ये, म्युनिकच्या प्रकाशयोजनेने ते रंगविलेले आहे. अशा गुप्त शाळा सार्वत्रिक अस्तित्वात होत्या याला इतिहाससंशोधकांना पुरावा मिळालेला नाही. तरी ग्रीसमधील पिढ्यांनी हे चित्र स्मृती म्हणून पाहिले. १९९६ च्या दोनशे द्राख्माच्या नोटेवर ते छापले गेले. शैली परदेशातून घेतली, हे या चित्राविषयीचे सर्वांत बिनमहत्त्वाचे सत्य आहे. त्या शैलीने एका राष्ट्राला न घडलेल्या गोष्टीची आठवण करून दिली, हे महत्त्वाचे. म्युनिकच्या अकादमीत शिकविले जाणारे ऐतिहासिक चित्रण तेथे जे कार्य करीत होते ते आणि ग्रीसमध्ये त्याने जे केले ते, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हे चित्र कोणाला उद्देशून होते, ते कोणाच्या घरी लागले, कोणत्या भीतीवर त्याने फुंकर घातली, हे प्रश्न ‘हे तर पिलोटीसारखे आहे’ या शेऱ्यापाशी गुदमरून मरतात.

आता दुसऱ्या वक्त्यांकडे वळते. त्यांचा पक्ष अधिक लोभस आहे, म्हणून अधिक धोक्याचा. ग्रीसमध्ये १९३० च्या पिढीने ‘एलिनिकोतिता’, म्हणजे ग्रीकपण, ही कल्पना साहित्य-कलेच्या केंद्रस्थानी आणली. विद्यापीठीय चित्रकलेला बाजूला सारून या पिढीने लेस्वोस बेटावरील थिओफिलोस हात्झिमिखाइलला आपला पूर्वज ठरविले. तो १९३४ मध्ये वारला. कॉफीगृहांच्या नि बेकऱ्यांच्या भिंती रंगवीत त्याने आयुष्य काढले. यॉर्गोस सेफेरिसने त्याच्यावर लिहिले आणि १९४३ मध्ये मॅक्रियानिस या अर्धसाक्षर सेनानीच्या आठवणींवर व्याख्यान देऊन त्याला ग्रीक गद्याचा आदर्श ठरविले. ही भूमिका मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाने आपल्याकडे जी खळबळ उडवून दिली तिच्याशी तिचे साम्य आहे, आणि दोन्हींतील वसाहतवादविरोधी धारेचे मोल मी कमी लेखीत नाही. थिओफिलोस मोठा चित्रकार आहे, यातही शंका नाही.

परंतु थिओफिलोसला शोधले कोणी? स्ट्रातिस एलेफ्थेरियादिस याने, जो पॅरिसमध्ये ‘तेरियाद’ या नावाने कलाप्रकाशक म्हणून गाजला, ज्याच्या ‘व्हर्व’ या नियतकालिकासाठी मातिसने मुखपृष्ठे केली. त्यानेच या म्हाताऱ्याला रंग नि कापड पुरविले, त्यानेच पुढे त्याच्यासाठी मितिलिनीजवळ वारिया येथे संग्रहालय बांधले, जे १९६५ मध्ये उघडले. १९६१ मध्ये थिओफिलोसची चित्रे पॅरिसमध्ये दाखविली गेली आणि मग अथेन्समधील उरलेल्या शंकेखोरांचीही खात्री पटली. अस्सल देशीपणाचे प्रमाणपत्र पॅरिसहून आले. कारण त्या वेळी पॅरिसला स्वतःच्या अकादमीचा कंटाळा आला होता आणि अशिक्षित हाताची निरागसता हवी होती. म्हणजे पहिले वक्ते पॅरिसची मोजपट्टी घेऊन गिझिसला नापास करतात आणि दुसरे वक्ते तीच मोजपट्टी उलटी धरून थिओफिलोसला उत्तीर्ण करतात. सभागृहाने दोघांनाही मान डोलावली यात आश्चर्य नव्हते. मोजपट्टी कोणाची, हे दोघांनीही पाहिले नव्हते.

इथवर मी मेत्सोवोच्या बाजूने बोलले. आता मेत्सोवोविरुद्ध बोलणे भाग आहे. नाहीतर हा लेख देणगीदारांचा गौरवग्रंथ होईल, आणि तसले ग्रंथ ग्रीसमध्ये व महाराष्ट्रात मुबलक आहेत.

मेत्सोवोची परंपरागत बोली ग्रीक नव्हे. ती व्लाख, अर्थात आरोमानियन. लॅटिनपासून निघालेली, रुमानियनची बहीण. त्या भाषेत गावाचे नावही निराळे आहे : अमिन्च्यू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुमानियाने बाल्कनमधील व्लाखांसाठी शाळा काढल्या, तेव्हा व्लाखांपुढे एक निवड उभी राहिली. मेत्सोवोच्या धनिकांनी आपला पैसा व प्रतिष्ठा निःसंदिग्धपणे ग्रीक भाषेच्या पारड्यात टाकली. ही निवड त्यांच्यावर लादलेली होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आजही ग्रीसमधील बहुसंख्य व्लाख स्वतःला ग्रीकच मानतात आणि अल्पसंख्य म्हणवून घ्यायला राजी नसतात. पण निवड झाली याचा अर्थ काहीतरी वगळले गेले, हे तर खरे. चित्रदालनाचा संस्थापक याबाबतीत अजाण नव्हता. इवान्गेलोस आवेरोफने १९४८ मध्ये कुत्सोव्लाख प्रश्नाच्या राजकीय बाजूवर पुस्तकच लिहिले आहे. परराष्ट्रमंत्री, पुढे संरक्षणमंत्री झालेल्या या माणसाला भाषा, भूमी आणि राज्य यांचे गणित आपल्या कोणाहीपेक्षा चांगले समजत होते. युरोप परिषदेच्या संसदीय सभेने आरोमानियन भाषेच्या रक्षणाविषयी शिफारस केली ती १९९७ मध्ये, म्हणजे दालन उघडल्यानंतर नऊ वर्षांनी.

या पार्श्वभूमीवर गावातील दोन वास्तू शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. तोसित्सास घराण्याच्या पुनर्बांधणी केलेल्या वाड्यात लोककला संग्रहालय आहे : विणकाम, लाकडावरील कोरीवकाम, भांडीकुंडी. आणि चित्रदालनात आहे कला, विशेषणाशिवाय. पहिल्या वास्तूत प्रदेश ठेवला, दुसरीत राष्ट्र. पहिलीत ज्यांनी केले त्यांची नावे बहुधा नाहीत, दुसरीत प्रत्येक चौकटीखाली नाव आहे. या विभागणीत कोणाचा दुष्टावा नाही. युरोपभर संग्रहालये अशीच लावली जातात. पण ‘प्रादेशिक चित्रदालन’ या शब्दप्रयोगातील प्रदेश नेमका कोठे आहे, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यातून मिळते. तो शेजारच्या घरात आहे. अनुकरणवादी आणि देशीवादी या दोघांनाही हे दिसले नाही, कारण दोघांचे डोळे पॅरिसच्या दिशेला लागलेले होते. एकाचे भक्तीने, दुसऱ्याचे रागाने. प्रमाण भाषा आणि बोली, साहित्य आणि लोकसाहित्य अशा दोन कपाटांत पुस्तके लावणाऱ्या मराठी विभागात मी गेली अनेक वर्षे शिकवते, म्हणून कदाचित मला ते लवकर दिसले असेल. यात बुद्धीचा भाग कमी, सवयीचा अधिक.

दुसरे वगळणे पैशाचे. हा पैसा इजिप्तमधून आला, आणि त्या काळच्या इजिप्तमध्ये पैसा म्हणजे मोठ्या प्रमाणात कापूस. येथे मुंबई आपोआप कथेत येते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला, तेव्हा ही तूट भरून काढणाऱ्या दोन मोठ्या बाजारपेठा होत्या : अलेक्झांड्रिया आणि मुंबई. एकाच भाववाढीने दोन शहरांत व्यापारी धनाढ्य झाले आणि दोन्हीकडे त्या पैशाचे शिक्षणसंस्थांत, मनोऱ्यांत, इस्पितळांत रूपांतर झाले. त्याआधीच, १८५७ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मुंबईची कलाशाळा उभी राहिली होती. ती संपत्ती चीनच्या व्यापारातील, कापसाची आणि अफूची. अथेन्सचे पॉलिटेक्निक आणि मुंबईचे जे. जे. या नात्याने एकमेकांची चुलत भावंडे आहेत, आणि दोघांवरही अनुकरणाचा आरोप अगदी त्याच शब्दांत होत आलेला आहे. साताऱ्याजवळच्या औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी उभारलेले संग्रहालय पाहून ‘खेड्यात हे कशाला’ असे पुटपुटणारे आपल्याकडेही भेटतातच. शैली कोठून आली, हे विचारण्यात आपण शंभर वर्षे घालविली. पैसा कोठून आला, नाईल नदीच्या काठी आणि वऱ्हाडात तो कापूस कोणी वेचला आणि त्या वेचणाऱ्यांपैकी एकाचेही चित्र या भिंतींवर का नाही, हे आपण विचारले नाही. हा प्रश्न कलाबाह्य आहे, अशी हरकत घेणाऱ्याने प्रभावाचा प्रश्न कलांतर्गत कसा, हेही सांगावे. चित्रकार कोठल्या शाळेत शिकला हे चित्रात दिसत असेल, तर त्याच्या शाळेची फी कोणी भरली हेही दिसले पाहिजे.

मग मूल्यमापन करायचेच नाही काय, असा प्रश्न माझे विद्यार्थी मला विचारतात. करायचे. याकोविदिसची काही बालचित्रे मला गुळचट वाटतात आणि ती म्युनिकहून आली म्हणून नव्हे, तर त्यांत मुलाकडे पाहणारा मोठा माणूस स्वतःवर फार खूष आहे म्हणून. वोलानाकिसचा समुद्र मला भुरळ घालतो. क्रीट बेटावर जन्मलेल्या माणसाने बव्हेरियासारख्या समुद्र नसलेल्या प्रांतात बसून समुद्र रंगविण्याचे शिक्षण घ्यावे, या विसंगतीतून त्याच्या पाण्याला एक दूरस्थ, आठवणीतली शांतता आली असावी. पार्थेनिसची कृश, पारदर्शक माणसे कोणत्याही राजधानीच्या भिंतीवर उभी राहतील. हे निर्णय चुकीचे असू शकतात आणि त्यांवर वाद होऊ शकतो. ‘उशिरा आलेले’ या शब्दावर वाद होऊ शकत नाही, कारण त्यात चित्राविषयी काहीच म्हटलेले नसते. घड्याळ कोणाच्या भिंतीवर आहे तेवढेच सांगितलेले असते.

आवेरोफ दालनात लित्रासचे एक चित्र आहे : कानारिसने तुर्की नौदलाचे मुख्य जहाज पेटविल्याचे. खिओस बेटावरील कत्तलीनंतर, १८२२ च्या जूनमधील त्या रात्री कानारिसने पेटती होडी जहाजाला भिडविली. लित्रास १९०४ मध्ये वारला. म्हणजे हे चित्र त्याने रंगविले तेव्हा मेत्सोवो अजून त्या जळणाऱ्या जहाजाच्या मालकाच्याच राज्यात होते, आणि आज ते मेत्सोवोच्या भिंतीवर आहे. बाहेरच्या चौकात म्हातारी माणसे बाकावर बसलेली असतात, असे प्रवासवर्णनांतून वाचायला मिळते. त्यांच्यापैकी कोणी आत येऊन या चित्रासमोर उभा राहिला, तर त्या ज्वाळांना तो मनातल्या मनात ग्रीकमध्ये ‘फोतिया’ म्हणेल की आजीच्या भाषेत ‘फोक’, हे मला जाणून घ्यायचे आहे. पुढच्या चर्चासत्रात पडद्यावर हेच चित्र दाखवावे आणि चर्चा येथून सुरू करावी, अशी माझी आयोजकांना विनंती आहे.